मिसावा ऑल जपान सोडून गेलाच नसता तर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जून 2000 मध्ये मित्सुहारु मिसावा या मल्लाने ऑल जपान ही जपानी प्रो रेसलिंग कंपनी सोडली नाही, असं धरून तुम्ही 2010 पर्यंतचा पर्यायी इतिहास लिहिला आहे. टोकियोतल्या बुडोकान हॉलचं प्रत्येक कार्ड (रात्रीच्या लढतींचा क्रम) त्यात आहे, कोणता बेल्ट कोणाकडे हेही आहे. तीन मित्रांना वाचायला दिलंत आणि तिघंही म्हणाले की ही निकालांची यादी वाटते. शेवटी तुम्ही विचारलं आहे की 2009 मध्ये मृत्यू पावलेल्या मिसावाला जिवंत ठेवणं ही फसवणूक ठरते का.

मी हे काम बारा-तेरा वर्षं करतो आहे. पुण्यात जपानी शिकत असताना वाचनाच्या सरावासाठी प्युरोरेसूच्या, म्हणजे जपानी प्रो रेसलिंगच्या, बातम्या हाती आल्या. मग मित्रांमध्ये ‘असं झालं असतं तर’ सुरू झालं, आणि पुढे त्याच्या वह्याच्या वह्या झाल्या. त्यामुळे तुमचा मजकूर वाचताना अडचण कुठे आहे ते लवकर लक्षात आलं. तुमचे निकाल चुकलेले नाहीत, बरेचसे तर मला पटले. पण पहिल्याच पानावर तुम्ही ‘मिसावा राहतो’ एवढं एक वाक्य लिहून पुढे गेला आहात. तो का राहतो, कोणाच्या शब्दावर राहतो आणि त्याबदल्यात कोणाला काय सोडावं लागतं, हे कुठेच नाही. यादी तिथेच सुरू झाली.

क्रिकेटमध्ये ‘तो झेल सुटला नसता तर’ म्हणताना आपण नशिबाबद्दल बोलत असतो. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरतो. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात, पण आपल्यासारख्याला लिहायला जी जागा मिळते ती तिथेच. प्रत्येक निकालामागे एक ठरवणारा माणूस आहे आणि त्याला कारण आहे. टीव्हीची वेळ, हॉलचं भाडं, कोणाचा गुडघा, कोणाचा मान, कोणावरची माया. तुम्ही निकाल बदलता तेव्हा त्या माणसाचा निर्णय बदलत असता. तो बदलायला त्याला तेवढंच सबळ कारण द्यावं लागतं.

इथे एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे, ती आधी ठरवा. फॅन्टसी बुकिंग आणि पर्यायी इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॅन्टसी बुकिंगमध्ये तुम्ही बुकरच्या, म्हणजे निकाल ठरवणाऱ्याच्या, खुर्चीत बसता आणि तुम्हाला आवडेल असं कार्ड लावता, तिथे तुमची चव चालते. पर्यायी इतिहासात तुम्ही एक कडी बदलता आणि मग जे घडत जाईल ते मान्य करता, आवडो न आवडो. तुमच्या मजकुरात पहिली दोन वर्षं इतिहास आहे आणि 2003 पासून तुम्ही हळूच खुर्चीत जाऊन बसला आहात. दोन्ही चालतं. पण वाचणाऱ्याला ते कळायला हवं, नाहीतर त्याला वाटतं की लेखक आपल्या लाडक्यांना बेल्ट वाटत सुटला आहे.

बदलायची कडी जितकी लहान तितकी चांगली. मराठी माणसाला हे वेगळं शिकवायला नको, कारण कुस्तीतला आपला सगळ्यात मोठा ‘जर-तर’ असाच आहे. 1952, हेलसिंकी. खाशाबा जाधवांची जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपला अधिकारी तिथे नव्हता, असं आपल्याकडे सांगतात. इशी सुवर्ण घेऊन गेला, खाशाबा कांस्य घेऊन आले. यावर लिहायचं तर खाशाबांना जास्त ताकद देण्याची गरज नाही. एक माणूस हॉलमध्ये हजर ठेवायचा आणि त्याच्या तोंडी एक वाक्य द्यायचं, एवढं पुरतं.

आता तुमची कडी पाहू. ऑल जपानचे संस्थापक जायंट बाबा 31 जानेवारी 1999 ला कर्करोगाने गेले. मिसावा अध्यक्ष झाला, पण मालकी बाबांच्या पत्नी मोतोको बाबा यांच्याकडे राहिली. कारभार कसा चालवायचा यावर दोघांचं जमलं नाही. 13 मे 2000 ला ऑल जपानचा जुना मोठा मल्ल जंबो त्सुरुता मनिलात यकृत प्रत्यारोपणाच्या वेळी गेला. पुढच्या पंधरवड्यात, 28 मे रोजी, संचालक मंडळाने मिसावाला अध्यक्षपदावरून दूर केलं. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि जपानी मल्लांपैकी तोशिआकी कावादा आणि मासानोबू फुची एवढे दोघेच मागे राहिले. निप्पॉन टीव्हीनेही ऑल जपानचा कार्यक्रम बंद केला आणि मिसावाच्या नव्या कंपनीची, नोआची, बाजू धरली. 5 ऑगस्टला नोआचा पहिला शो झाला.

यात ‘मिसावा राहतो’ हे तीन तऱ्हांनी घडू शकतं आणि प्रत्येकातून निराळं दशक निघतं.

बाबा आणखी काही वर्षं जगले, हा पहिला मार्ग. भावनेला तो सोपा वाटतो. पण बाबा 61 व्या वर्षी गेले, म्हणजे तुमच्या 2010 पर्यंत ते 72 चे होतात. दारं बंद ठेवून, आपल्याच घरातल्या मल्लांवर कंपनी चालवायची त्यांची रीत तेवढी वर्षं चालू राहते. मिसावाला जे बदल हवे होते ते होत नाहीत आणि भांडण फक्त पुढे ढकललं जातं.

दुसऱ्या मार्गात मिसावा पद गमावूनही राहतो, कारण त्याच्यामागे कोणी येत नाही. हा मी घेणार नाही. मल्ल त्याच्यामागे का गेले हे नव्वदच्या दशकातल्या प्रत्येक लढतीत दिसतं. तो माणूस तोच ठेवायचा आणि त्याच्यावरचा विश्वास तेवढा काढून घ्यायचा, हे जमणार नाही.

तिसऱ्यात मोतोको बाबा शेअर्स विकायला तयार होतात. तुमच्या जागी मी असतो तर हाच मार्ग घेतला असता. इथे लगेच खरे प्रश्न उभे राहतात. पैसे कोण देणार? सगळ्यात पटणारं उत्तर निप्पॉन टीव्ही. मग मिसावा टीव्हीचा देणेकरी होतो आणि टीव्हीवाले देणेकऱ्याकडे काहीतरी मागतात. कदाचित तरुण चेहरे मागतील, कदाचित न्यू जपान या प्रतिस्पर्धी कंपनीबरोबर एक मोठी रात्र. मोतोको यांना त्याबदल्यात काय मिळतं? पैसे तर आहेतच, पण बाबांचं नाव आणि त्यांची रीत जपली जाईल याचा शब्दही त्या मागतील. तुमच्या दहा वर्षांचा ताण इथे आहे. एका बाजूला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला घेतलेलं कर्ज. तुम्ही हे लिहिलं की निकाल आपोआप ओढले जातात.

आता साखळी ओढून बघा. मल्ल गेले नाहीत, तर पोकळी नाही. पोकळी नाही, तर 1990 मध्ये सोडून गेलेल्या तेनर्यू या मल्लाला परत बोलवायचं कारण नाही. फुची 11 ऑगस्ट 2000 ला न्यू जपानच्या रिंगमध्ये एकटा जाऊन उभा राहत नाही. तो प्रसंग माझ्या फार जवळचा आहे, पण तुमच्या इतिहासातून तो जातो. 9 ऑक्टोबरला टोकियो डोममध्ये कावादा न्यू जपानच्या केन्सुके सासाकीला हरवत नाही. 2002 मध्ये न्यू जपानचा केइजी मुतो ऑल जपानमध्ये येत नाही, कारण त्याच्यासाठी जागाच रिकामी नाही. तुम्ही मात्र मुतोला तुमच्या ऑल जपानमध्ये 2002 लाच आणला आहे. माझा विश्वास तिथे तुटला.

मुतोची नाराजी मात्र खरी राहते. प्रो रेसलर तकादा 11 ऑक्टोबर 1997 ला खऱ्या लढतीत रिक्सन ग्रेसीकडून हरला तेव्हापासून सगळा धंदाच मिश्र मार्शल आर्ट्सच्या सावलीत होता, आणि संस्थापक इनोकी न्यू जपानला त्याच दिशेला ओढत होते. मिसावा राहिला म्हणून ती लाट थांबत नाही. मग मुतो जाईल कुठे? मला वाटतं हाशिमोतो या मल्लाच्या झीरो-वन या नव्या कंपनीकडे. आणि तिथे अजून एक गाठ आहे. 2 मार्च 2001 ला झीरो-वनच्या पहिल्या शोच्या मेन इव्हेंटमध्ये हाशिमोतो आणि युजी नागाता यांच्यासमोर मिसावा आणि त्याचा तरुण सहकारी जुन आकियामा होते. नोआचा मालक म्हणून मिसावा स्वतःच्या मर्जीने तिथे जाऊ शकला. बाबांची रीत जपण्याचा शब्द दिलेला, टीव्हीचा देणेकरी असलेला मिसावा जाईल का? नाही गेला तर झीरो-वनचा आरंभ फिका पडतो आणि हाशिमोतोला मुतोची गरज आणखी वाढते. बघा, एका सहीतून दोन कंपन्यांचं नशीब हललं, आणि अजून आपण एकही निकाल मनाने लावलेला नाही.

हे मी चुकून शिकलो. माझी पहिली मोठी वही त्सुरुतावर होती. नोव्हेंबर 1992 मध्ये हिपॅटायटिसमुळे तो मोठ्या लढतींतून कायमचा बाहेर गेला, आणि मी त्याला धडधाकट ठेवलं होतं. आपण 8 जून 1990 बद्दल नेहमी बोलतो, बुडोकानमध्ये मुखवटा काढलेल्या मिसावाने त्सुरुताला हरवलं ती रात्र. पण ट्रिपल क्राउनसाठी, म्हणजे ऑल जपानच्या मुख्य बेल्टसाठी, मिसावाने त्सुरुताला कधीच हरवलं नाही. बेल्ट त्सुरुताकडून अमेरिकन मल्ल हॅन्सनकडे गेला आणि ऑगस्ट 1992 मध्ये हॅन्सनकडून मिसावाकडे आला. ते राहून गेलेलं मला पूर्ण करायचं होतं. केलंही. आणि मग त्याच ओघात 3 जून 1994 ची मिसावा-कावादा लढत जशीच्या तशी ठेवून दिली, कारण तिला हात लावायची हिंमत झाली नाही.

एका जुन्या मित्राने वही वाचून एवढंच विचारलं, ‘त्या रात्री त्सुरुता कुठे आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग विचार करत गेलो तेव्हा दिसलं की अडचण त्याहून खोल आहे. अकिरा ताउए हा त्सुरुताचा जोडीदार. त्सुरुता आजारी पडला म्हणून ताउए एकटा पडला, आणि 1993 मध्ये कावादा मिसावाची बाजू सोडून ताउएशी जोडला गेला. कावादा मिसावाच्या समोर उभा राहिला त्याचं मूळ त्सुरुताच्या यकृतात आहे. त्सुरुता बरा असेल, तर कावादा कदाचित मिसावाच्याच कोपऱ्यात राहतो आणि 3 जून 1994 घडतच नाही. ती अख्खी वही मी पुन्हा लिहिली. प्रिय लढत हातची गेली, पण वही जिवंत झाली.

तेव्हापासून कोणतीही दुरुस्ती करताना मी शेजारी लिहून ठेवतो की याची किंमत कोणी आणि कधी मोजली. वहीचं डावं पान कार्डांसाठी असतं. उजव्या पानावर पैसा, टीव्ही आणि शरीर. कोणाचा गुडघा, कोणाची मान, कोणत्या महिन्यात कोण घरी बसला आहे. मिसावाचा सहकारी कोबाशी याचे गुडघे आणि 2006 मध्ये निघालेला त्याचा मूत्रपिंडाचा कर्करोग तुमच्या इतिहासातही येणारच, मिसावाच्या सहीने ते बदलत नाहीत. तुम्ही 2006 मध्ये कोबाशीला वर्षभर चॅम्पियन ठेवलं आहे. ते काढावं लागेल.

दुसरी गोष्ट, सगळ्या जखमा भरू नका. जपानी रेसलिंगमध्ये पुष्कळदा जखमेतूनच पुढची गोष्ट उगवते. न्यू जपानच्या तेत्सुया नाइतोचं उदाहरण घ्या. 2013 ची जी-वन ही स्पर्धा जिंकून तो 4 जानेवारी 2014 ला टोकियो डोममध्ये चॅम्पियन ओकाडासमोर आला, पण चाहत्यांच्या मतदानाने मेन इव्हेंटचा मान नाकामुरा-तानाहाशी लढतीला दिला. मुख्य बेल्टची लढत खाली ढकलली गेली. तो अपमान बरोबर घेऊन नाइतो 2015 मध्ये मेक्सिकोला गेला आणि वेगळाच माणूस होऊन परतला. 5 जानेवारी 2020 ला त्याच टोकियो डोममध्ये, मेन इव्हेंटमध्ये त्याने ओकाडाला हरवून दोन्ही बेल्ट घेतले तेव्हा लोकांनी सहा वर्षांचा हिशेब मिटताना पाहिला. आता कोणी ‘2014 मध्ये नाइतो जिंकला असता तर’ लिहायला घेतलं, तर त्याने हे सगळं गमावण्याची तयारी ठेवावी.

तुमच्याकडे अशी जखम आहे मिसावा-कावादाची. दोघे एकाच शाळेतले, मिसावा एक वर्ष पुढे. 2000 च्या फुटीने ते वेगळे झाले, म्हणून 18 जुलै 2005 ला टोकियो डोममध्ये समोरासमोर आले तेव्हा मधल्या पाच वर्षांचं ओझं त्या लढतीवर होतं. तुमच्या इतिहासात ते वेगळे होत नाहीत. तरी तुम्ही 2005 ची लढत ठेवली आहे, त्याच डोममध्ये. नव्वदच्या दशकात ते ट्रिपल क्राउनसाठी इतक्यांदा भिडले होते की फुटीशिवाय ती आणखी एक लढत ठरते. एकतर ती काढा, नाहीतर दोघांमध्ये दुसरी काहीतरी दरी घाला. माझ्या मते ती दरी तुमच्या संचालक मंडळाच्या बैठकीतच आहे. कावादा प्रत्यक्षात राहिला. तुमच्या इतिहासात त्या मतभेदात तो कोणाच्या बाजूने बोलला?

निकाल कसे असावेत याबद्दल थोडं. मी सांगलीकडची मैदानं बघत वाढलो. कुस्ती बरोबरीत सोडवली की लोक कसे उठून जातात हे मला ठाऊक आहे, आणि निकाली कुस्तीसाठी तेच लोक उन्हात तासन्‌तास बसतात. ऑल जपानमध्येही एके काळी मोठ्या लढती दोघांनाही रिंगबाहेर मोजून संपवायच्या. नंतर बाबांनी त्या चितपटीवर आणल्या आणि बुडोकान भरू लागलं. पण निकाली लढतीत हरणाऱ्यालाही मोठं ठेवायचं, तर त्याला फार मार सोसावा लागतो. डोक्यावर पडणं वाढत गेलं ते त्यातूनही. तुम्ही दहा वर्षं फक्त निकाली लढती लिहिल्या आहेत. त्या कोणाच्या मानेवर लिहिल्या आहेत, हे उजव्या पानावर यायला हवं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. मिसावाला जिवंत ठेवणं फसवणूक नाही. आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाने हे कधी ना कधी लिहिलं आहे. 13 जून 2009 ला हिरोशिमात लढतीत कोसळून त्याचा मृत्यू झाला, 46 व्या वर्षी. बातमी वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढची ओळ वाचू शकलो नव्हतो. तुम्ही त्याला 2010 मध्ये बुडोकानवर निरोप दिला आहे आणि ते पान मनापासून लिहिलं आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की ती एका रात्रीची दुरुस्ती नाही. हिरोशिमाचा शो रद्द करून मिसावा वाचत नाही. तो तेव्हा अजून का झुंजत होता, ते बघा. डिसेंबर 2006 मध्ये, 44 व्या वर्षी, त्याने तरुण मारुफुजीकडून नोआचा बेल्ट परत घेतला आणि मार्च 2008 पर्यंत ठेवला. कंपनीला त्याचीच गरज होती. मार्च 2009 मध्ये निप्पॉन टीव्हीने नोआचा कार्यक्रम बंद केल्यावर ती आणखी वाढली.

म्हणून मागे जावं लागतं. किती मागे? मी 27 फेब्रुवारी 2000 पर्यंत जाईन. त्या दिवशी बुडोकानमध्ये आकियामाने मिसावाला हरवलं. वारसा देण्याची सुरुवात झाली होती. नोआमध्येही जुलै 2001 ला आकियामाने त्याच्याकडून बेल्ट घेतला, पण पुढच्याच वर्षी तो फिरून मिसावाकडे आला. तुमच्या इतिहासात मिसावाला वाचवायचं असेल, तर आकियामाची वर्षं टिकवावी लागतील. त्याच्यामुळे सुरुवातीला तिकिटं कमी खपतील, टीव्हीवाले कुरकुरतील, मिसावाला परत आणा म्हणतील, आणि ज्याच्यावर कर्ज आहे अशा मिसावाला ‘नाही’ म्हणावं लागेल. अर्ध्या रिकाम्या हॉलची ती दोन वर्षं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलीत, तर 2010 चा निरोप कोणालाही फसवणूक वाटणार नाही.

तेव्हा पुढचं काम असं. कार्डं बाजूला ठेवा. मे 2000 च्या बैठकीची दोन-तीन पानं लिहा, रिंग नको, फक्त खोली आणि माणसं. मग मुतो, 2005 चा डोम आणि 2006 चा कोबाशी, या तीन जागा सोडवा. 2010 पर्यंत जायची घाई करू नका. मी तर सांगेन, आधी फक्त 1 मार्च 2003 पर्यंत या. प्रत्यक्षात त्या रात्री कोबाशीने बुडोकानमध्ये मिसावाला हरवून नोआचा बेल्ट घेतला, आणि त्या लढतीत मिसावाने त्याला रिंगकडे येणाऱ्या उंच रॅम्पवरून खाली टायगर सुप्लेक्स (मागून धरून उलटं आपटायचा डाव) मारला. तो डाव पाहताना आजही माझा श्वास अडकतो. मला वाटतं, त्यामागे एक कारण होतं. नोआचा बेल्ट दोन वर्षांचा होता, आणि तो मोठा करायला त्या दोघांनी आपली शरीरं दिली. तुमच्या इतिहासात त्या रात्री पणाला लागलेला आहे ट्रिपल क्राउन, आधीच मोठा असलेला. मग तुमचे मिसावा आणि कोबाशी रॅम्पकडे जातात का? ते प्रकरण झालं की मला वाचायला पाठवा.